माळावरचं गाणं टिपायचं कसं, आणि कशासाठी?

माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पक्षी नव्हता, वारा होता. साडेतीन मिनिटं नुसता घोंघावणारा वारा आणि शेवटी माझीच शिंक. सुप्याजवळच्या माळावर जुलैच्या सकाळी मोबाईल डोक्यावर धरून उभा होतो. वर एक चंडोल जीव तोडून गात होता. कानांना तो लख्ख ऐकू येत होता, फोनला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

आता पावसाळा लागला की पक्षी पाहणाऱ्यांच्या बऱ्याच व्हॉट्सॲप गटांवर अशा ध्वनिफिती फिरतात. 'हा कोण ओळखा' असं कुणी विचारतं, दुसरा आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो, तिसरा विचारतो की फोटो असताना आवाजाचं एवढं काय? प्रश्न रास्त आहे. जंगलातल्या पक्ष्यांपुरतं त्याचं उत्तर सोपं आहे: पानांमागे पक्षी दिसत नाही, म्हणून ऐकायचं. माळ तर उघडा असतो. तिथे आवाज कशाला?

तर माळ उघडा असला तरी माळावरचा पक्षी उघड्यावर नसतो. तो मातीच्या रंगाचा असतो आणि गवतात दबून चालतो. पायाखाली येईपर्यंत तो उठत नाही. वर्षातले काही आठवडे तो स्वतःहून 'मी इथे आहे' असं सांगतो, आणि ते सांगायला त्याला गाणं आणि नाच दोन्ही लागतात.

चढायला झाड नाही

कोकिळेला आंबा आहे, दयाळाला विजेची तार किंवा गच्चीचा कठडा आहे. उंच बसून गायलं की आवाज लांब जातो. जमिनीवर बसून गाणाऱ्याचा आवाज गवत आणि माती खाऊन टाकतात. माळावर उंच काहीच नसतं, फार तर एखादी बोर-बाभळ किंवा बांधावरचा दगड. म्हणून माळावरच्या कित्येक पक्ष्यांनी हवेलाच मचाण केलं आहे. ते उडत उडत गातात.

दख्खनच्या माळावर सहज भेटणारा डोंबारी घ्या. चिमणीएवढा पक्षी, नराचं पोट काळं, डोकं राखाडी. हा पंख फडफडवत सरळ वर चढतो, मग नाक खाली करून दगडासारखा कोसळतो, जमिनीच्या थोडं वर सावरतो आणि त्याच वेगावर पुन्हा वर उसळतो. असे झोके घेताना लांबलेली शीळ घालतो. नाव ठेवणाऱ्याने पक्षी नीट पाहिला होता. लालसर पंखांच्या झुडपी चंडोलाची तऱ्हा वेगळी. तो झुडपाच्या शेंड्यावरून वर उठतो, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलतो, पाय खाली सोडतो आणि किरकिरं गाणं गात छत्रीधारी सैनिकासारखा तरंगत खाली येतो, बहुतेकदा पुन्हा झुडपावरच.

या दोघांचं नुसतं गाणं टिपलं तर अर्धीच गोष्ट हाती येते. कोणता स्वर चढताना, कोणता कोसळताना, हे कळलं नाही तर ते लावणीचं रेकॉर्डिंग ऐकून अदा ओळखण्यासारखं होईल. म्हणून माळावर काम करणारे आवाजासोबत हालचालही नोंदवतात: शक्य असेल तेव्हा व्हिडिओवर, नसेल तेव्हा वहीत.

सातबारा आणि बायोडेटा

पक्षी गातो तेव्हा तो एका दमात दोन कागद वाचून दाखवत असतो. पहिला सातबारा: 'हा तुकडा माझा, इतर नरांनी आत येऊ नये.' दुसरा लग्नाचा बायोडेटा: 'मी धडधाकट आहे, माद्यांनी विचार करावा.' जाणकारांच्या भाषेत पहिल्याला हद्दीचं गाणं आणि दुसऱ्याला प्रणयप्रदर्शन म्हणतात. प्रत्यक्षात गाणं बहुधा तेच असतं, ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो.

बायोडेटात थापा मारता येतात, पण इथे ते जमत नाही. उपाशी किंवा आजारी नर तासभर झोके घेऊ शकत नाही. मादी पाहते ती या खर्चाकडे.

आणि गाणारा नेहमी नरच असतो असंही नाही. लाव्यासारखाच दिसणारा, पण पायाला तीनच बोटं असलेला एक पक्षी आपल्या गवतात आहे, ज्याला बटनक्वेल म्हणतात. त्यात मादी जास्त रंगीत असते आणि घुमणारी साद तीच घालते. अंडी उबवायचं काम नराकडे. साद ऐकून वहीत सवयीने 'नर' लिहून टाकणाऱ्यांची इथे फसगत होते.

तणमोराची उडी

नाच आणि आवाज वेगळे करता येत नाहीत, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे तणमोर. हिंदीत त्याला खरमोर म्हणतात. माळढोकाच्या कुळातला, पण कोंबडीएवढा. वजन जेमतेम अर्धा किलो, मादी नराहून भारी. एरवी नर-मादी दोघंही मातकट. मृग-आर्द्रा बरसल्या की नर काळा होतो, पंखांवर पांढरा पट्टा येतो आणि कानांमागून तुऱ्याची लांब पिसं वळून वर येतात. गुडघाभर गवतात किंवा मूग-उडदाच्या शेतात तो आपली जागा धरतो.

आणि मग उडी. सरळ वर, दीड-दोन मीटर. टोकाला मान मागे वाकवलेली, पाय बसल्यासारखे दुमडलेले, पंखांची फडफड आणि त्यासोबत बेडकासारखा 'टर्रर्र' आवाज. पुन्हा गवतात गडप. काही मिनिटांनी परत. मुख्यतः सकाळ-संध्याकाळ, पण आभाळ भरलेलं असेल तर दुपारीसुद्धा. असं करत दिवसाकाठी शेकडो उड्या होतात. अर्धा किलो वजनाच्या जिवाने!

ही उडी म्हणजे आखाडा आहे. तणमोराचे नर एकमेकांपासून अंतर ठेवून, पण हाकेच्या टप्प्यात उड्या मारतात. माद्या येतात, पाहतात, निवडतात आणि निघून जातात. अंडी-पिल्लांचं पुढचं सगळं मादी एकटी करते. ती गवतात बसली की कुणालाही दिसत नाही.

म्हणूनच तणमोरांची मोजणी म्हणजे प्रत्यक्षात उड्या मारणाऱ्या नरांची मोजणी असते. राजस्थानात अजमेरकडे, मध्य प्रदेशात सैलान्याला, गुजरातेत वेळावदरला आणि आपल्याकडे अकोला-वाशिम भागात सर्वेक्षण करणारे पावसाळ्यातच फिरतात ते याचसाठी. मादी किती, हा आकडा अंदाजानेच निघतो. उडी आणि तिचा आवाज हीच या पक्ष्याची जनगणना. तणमोर आज नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींच्या यादीत आहे, त्यामुळे एकेका नराची नोंद मोलाची ठरते.

आवाजाचं चित्र

आवाज नोंदवला म्हणजे नेमकं काय झालं? माईकचा पडदा हवेबरोबर थरथरतो आणि यंत्र त्या थरथरीचं माप पुन्हा पुन्हा घेतं, चांगल्या नोंदीत सेकंदाला ४४,१०० वेळा. सिनेमात सेकंदाला चोवीस स्थिर चित्रं पळवली की हालचाल दिसते, तसंच हे. फक्त आवाजाला चित्रं फार जास्त लागतात. नियम असा की जितकी मापं घ्याल त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचाच आवाज पकडता येतो. बहुतेक पक्ष्यांचं गाणं सेकंदाला एक हजार ते आठ हजार कंपनांच्या पट्ट्यात असतं, त्यामुळे ४४,१०० ला भरपूर वाव राहतो.

या आकड्यांचं मग चित्र काढता येतं, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची आणि जितका जोर तितका गडद डाग. हार्मोनियमच्या पट्ट्या भिंतीला उभ्या टेकवल्या आणि वाजलेल्या पट्टीसमोर शाईचा ठिपका उमटत गेला, असं समजा. डोंबाऱ्याची शीळ यात लांब वाकडी रेघ दिसते. तित्तिराची साद म्हणजे ठसठशीत ठिपक्यांचे झुबके. तणमोराचा 'टर्रर्र' उभ्या ओरखड्यांसारखा. वारा तळाला काजळीसारखा पसरतो.

कान विसरतो, चित्र विसरत नाही. १९९८ साली स्वीडनचे पेर आल्स्ट्रोम यांनी झुडपी चंडोलांच्या एका गटाची गाणी आणि गाताना घेतलेल्या भराऱ्या ताडून पाहिल्या. भारतापासून व्हिएतनामपर्यंत पसरलेली एकच जात समजली जात होती, ती खरं तर चार जातींची निघाली. पिसांवरून त्या ओळखणं फार कठीण होतं. एक जात उंच हवेत बराच वेळ गात राहते. दक्षिण भारतातली दुसरी झुडपावरून छोटी भरारी घेते आणि तरंगत खाली येते. चंडोलांना आपसातला हा फरक पहिल्यापासूनच ठाऊक होता.

जाता जाता: पक्ष्याच्या आवाजाचं जगातलं पहिलं ज्ञात रेकॉर्डिंग १८८९ सालचं, जर्मनीतलं. लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर ते घेतलं. पक्षी पिंजऱ्यातला होता, आणि होता शामा, म्हणजे आपल्याकडच्या रानातला.

वाऱ्याशी भांडण

आता माझ्या शिंकेकडे परत. फोनचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो चारी बाजूंचं ऐकतो आणि बऱ्याच फोनमध्ये 'नको तो गोंगाट' कापून टाकायची सोय आपोआप चालू असते. लांबवरचा चंडोल हा त्याच्या लेखी नको तो गोंगाट.

उपाय दोन. पहिला बंदुकीच्या नळीसारखा लांब माईक, जो समोरचं जास्त आणि बाजूचं कमी ऐकतो. दुसरा थाळी, म्हणजे डिश ॲन्टेनासारखी वाटी, जिच्या मध्यावर माईक असतो. आजोबा कानामागे हाताची ओंजळ धरून ऐकायचे, त्याचंच हे मोठं रूप. पण थाळीची एक मर्यादा आहे. आवाजाची लाट थाळीपेक्षा मोठी असेल तर थाळी तिला गोळा करू शकत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पाचशे कंपनांच्या स्वराची एक लाट ६८ सेंटिमीटरची होते. म्हणजे ६० सेंटिमीटरची थाळी चंडोलाच्या बारीक स्वराला उत्तम, पण माळढोकाच्या खोल हुंकाराला जवळपास निरुपयोगी.

वाऱ्यासाठी माईकवर झुलपी केसांची टोपी घालतात. मेलेलं मांजर काठीला बांधल्यासारखं दिसतं, आणि गावातली पोरं ते बघायला जमतात. पण टोपीपेक्षा वेळ महत्त्वाची. पहाटे वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची हवा थंड, वरची किंचित ऊबदार असते. अशा वेळी आवाज वर निसटण्याऐवजी जमिनीकडे वाकतो आणि लांबवर पोचतो. ऊन तापलं की उलटं: जमीन भाजते, आवाज वर वळतो, तोच पक्षी तेवढ्याच अंतरावरून पुसट होतो. साडेनऊला पोचून 'माळावर काहीच नव्हतं' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मीही त्यांतलाच होतो.

व्हिडिओची अडचण वेगळी. ओढ्याकाठी लांबून धोब्याला पाहिलं असेल, तर कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो आणि 'धप्प' नंतर ऐकू येतं. १७० मीटरवरच्या तणमोराचा 'टर्रर्र' असाच अर्ध्या सेकंदाने उशिरा येतो. तोवर तो परत खाली यायला लागलेला असतो. आवाज उडीच्या कोणत्या टप्प्यावर आला हे ठरवायचं असेल तर अंतर मोजून तेवढी वजाबाकी करावीच लागते.

माणूस न थांबताही नोंद घेता येते. पत्त्यांच्या कॅटहून लहान अशी स्वयंचलित यंत्रं मिळतात. खांबाला बांधायची, रोज पहाटे साडेपाच ते आठ चालू राहा म्हणून सांगायचं आणि निघून यायचं. दर उडीला एक 'टर्रर्र' असेल, तर अशा यंत्राच्या नोंदीतून नर तासाला किती उड्या मारतो हेही निघतं, आणि पाऊस थांबला की त्या वाढतात का, हेही. मात्र यंत्राला डोळे नाहीत. उडी पाहायला मादी आली होती का, हे ते सांगणार नाही.

'ॲप सांगतंच की!'

सांगतं, आणि चांगलं सांगतं. मर्लिनसारखं ॲप आवाजाचं वर सांगितलेलं चित्र काढतं आणि आधी शिकवलेल्या हजारो चित्रांशी ताडून पाहतं. शिकवणी कुणी दिली? जगभरच्या हौशी माणसांनी जमवलेल्या नोंदींनी. बुलबुल-कोतवालांच्या नोंदींचे ढीग असतात, माळावरच्या दुर्मीळ पक्ष्यांच्या मोजक्या. ज्याची वही कोरी, त्याचा विद्यार्थी कच्चा.

शिवाय काही चंडोल नकलाकार आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्याच्या नावाने ओळखला जाणारा छोटा तुरेवाला चंडोल आपल्या गाण्यात इतर पक्ष्यांचे आवाज बेमालूम मिसळतो. ॲप एका मिनिटात पाच पक्षी दाखवतं आणि माळावर असतो एकच. तिथे मान वर करून बघावं लागतं.

'एकदा वाजवला आवाज, तर बिघडलं कुठे?'

फोनवर नराचं गाणं वाजवायचं, म्हणजे पक्षी समोर येतो आणि फोटो मिळतो. याला प्लेबॅक म्हणतात आणि हे नवं आहे असं वाटतं. नवं काही नाही. पाळलेला तित्तिर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवायचा, तो ओरडला की रानातला नर भांडायला धावतो आणि फाशात अडकतो, ही शिकाऱ्यांची फार जुनी युक्ती. फोन हा पिंजऱ्यातला तित्तिरच, फक्त फासा नाही.

फासा नाही म्हणून नुकसान नाही, असं मात्र होत नाही. तुमच्या सातबाऱ्यावर कुणीतरी येऊन मोठ्याने हक्क सांगतोय आणि दिसत मात्र नाही, तर तुम्ही दिवसभर काय कराल? नर चरायचं सोडून अदृश्य शत्रू शोधत फिरतो. मादी जवळ असेल तर मालक हरलेला दिसतो. शिवाय माळावरची घरटी जमिनीवरच असतात. माळटिटवीची अंडी मुरमातल्या खड्यांसारखी दिसतात आणि पुढे सरसावलेल्या फोटोवाल्याच्या बुटाखाली येतात. शास्त्रज्ञ कधीकधी ठरवून, मोजून, परवानगीने प्लेबॅक वापरतात. रविवारच्या फेरीला ती गरज नसते. तणमोर-माळढोकाच्या बाबतीत तर कुणालाच नसावी.

आवाजाची ही जाण वापरून उलटा प्रवासही झाला आहे. विदर्भात फासेपारधी समाजातली माणसं तणमोर शोधण्याच्या आणि गवत राखण्याच्या कामात आहेत. कुठल्या पट्ट्यात नर बसला असेल हे त्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, आणि आमच्या थाळ्या-टोप्यांपेक्षा त्यांचे कान तयार आहेत.

'त्या पडीक जमिनीवर आहे काय?'

सरकारी नकाशांत गवताळ माळ बहुतेक 'पडीक' म्हणूनच लागतो. पडीक म्हटलं की तिथे कारखाना चालतो, सौर पॅनेल चालतात, आणि पुण्य म्हणून लावलेली झाडंही चालतात. झाडं लावली की डोंबारी जातो, कारण त्याला मोकळं लागतं, आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांदी मिळते.

इथे रेकॉर्डिंग पुराव्याचं काम करतं. 'इथे पक्षी आहेत' हे तोंडी सांगणं वेगळं आणि तारीख, वेळ, ठिकाण असलेली, कुणालाही पुन्हा ऐकता येणारी नोंद देणं वेगळं. दहा वर्षांनी त्याच जागी, त्याच आठवड्यात, तेवढाच वेळ रेकॉर्डिंग केलं की काय कमी झालं ते ऐकूनच कळतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर घेऊन घुमणारा नर तिथे लोकांनी पाहिला आहे. तो हुंकार अर्धा किलोमीटरपर्यंत पोचतो. आता तिथे माळढोक दिसला तर तीच बातमी होते. कुणाच्या जुन्या कॅसेटवर तो हुंकार असेल, तर ती ओल आणि बुरशीपासून जपून ठेवा.

फोन घेऊन निघण्याआधी

साधा फोनही चालतो, फक्त थोडी शिस्त लागते. फोन विमान-स्थितीत टाका. आवाज आपोआप साफ करणारी सोय बंद करता येत असेल तर करा. शक्य असल्यास वेव्ह (.wav) प्रकारात, म्हणजे फाइल न आक्रसता साठवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत मूळ समजू नका, कारण तिथे फाइल लहान करताना बारकावे गळतात. वाऱ्याकडे पाठ करून बसा, म्हणजे तुमचं अंगच आडोसा होतं. बसल्यावर पाच मिनिटं काही करू नका, माळ तुम्हाला विसरू द्या. जॅकेट सळसळणारं नको.

आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट: पक्षी थांबला की रेकॉर्डिंग बंद करण्याआधी हळू आवाजात स्वतः बोला. वहीतलं पान हरवतं, फाइलची नावं बदलतात, पण त्याच फाइलमध्ये बोललेलं तिच्याबरोबरच राहतं. माझ्या गेल्या पावसाळ्यातल्या एका फाइलच्या शेवटी असं आहे: 'सात जुलै, सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. डोंबारी, नर, हवेत, चार झोके. मादी दिसली नाही. मागे घरघरतोय तो पंप आहे, पक्षी नाही.'